लाइट जाऊन आली की आयएसडी१८२० चा संदेश पुसला जातो? मधेच बोलतो, दोनदा बोलतो? इथून तपासा

"टाकी भरली, मोटर बंद करा" असं ओरडणारा सोसायटीचा अलार्म असो, लिफ्टचं दार उघडं राहिलं तर हटकणारी पेटी असो की डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा बोलका प्रोजेक्ट असो, आत बहुतेक वेळा आयएसडी१८२० या आवाज रेकॉर्ड करून वाजवणाऱ्या चिपचं छोटं मॉड्यूल असतं आणि त्याला जोडलेला एखादा प्रोसेसर, म्हणजे ८०५१, अर्डुइनो नाहीतर ईएसपी. हाताने बटण दाबलं की मॉड्यूल व्यवस्थित बोलतं. प्रोसेसरच्या ताब्यात दिलं की कुरबुरी सुरू. लाइट जाऊन आली की संदेश गायब. सप्लाय दिला की कोणी न विचारताच बोलायला लागतं. एकदा बोलायचं ते दोनदा बोलतं. कधी बोलता बोलता प्रोसेसरच रिसेट होतो.

मग लोक चिप बदलतात. नवी चिप थोडे दिवस नीट चालते आणि पुन्हा तेच रडगाणं. खरं तर चिप गेलेली नसते, आणि कोडही बरेचदा ठीकच असतो. घोळ असतो तो कोड चालू नसतानाच्या वेळात: सप्लाय आल्यापासून तुमच्या प्रोग्रामची पहिली ओळ चालेपर्यंत, आणि संदेश संपतो त्या क्षणी. तेवढ्या वेळात चिपच्या तीन पिना कुठल्या पातळीला आहेत हे कोणी पाहतच नाही, कारण आपलं सगळं लक्ष कोडवर असतं.

चिपला काय कळतं, काय कळत नाही

या चिपला पत्ते, कमांड, संदेशाचा क्रमांक असलं काही कळत नाही. तिला तीन पिना कळतात. रेक, प्ले-ई आणि प्ले-एल. तिन्ही हाय (सप्लायच्या व्होल्टेजला) झाल्या की काम करतात, लो (ग्राउंडला) असल्या की गप्प.

रेक हाय आहे तोवर रेकॉर्डिंग चालतं. लो झाली की तिथे संदेश संपल्याची खूण पडते. रेकचा मान सगळ्यात मोठा. संदेश वाजत असताना रेक हाय झाली तर वाजवणं तिथेच थांबतं आणि रेकॉर्डिंग सुरू होतं. प्ले-ई ला फक्त चढती कड लागते. एकदा लो वरून हाय झाली की संदेश शेवटपर्यंत वाजतो, मधे पिन लो केली तरी थांबत नाही. प्ले-एल पातळी बघते. हाय आहे तोवर वाजणार, लो केली की गप्प.

आणखी एक, जे पुढे फार कामाला येईल: रेकॉर्डिंग असो वा वाजवणं, सुरुवात दर वेळी मेमरीच्या पहिल्या घरापासूनच होते. मधून सुरू करायची सोय या चिपमध्ये नाही.

पहिली चाचणी: प्रोसेसर बाजूला काढा

तिन्ही पिनांच्या वायर काढा. मॉड्यूलला फक्त सप्लाय आणि स्पीकर ठेवा. मॉड्यूलवरच्या बटणाने संदेश रेकॉर्ड करा, ऐका. सप्लाय काढा, पुन्हा द्या, पुन्हा ऐका. असं काही वेळा करूनही संदेश जागेवर असेल तर चिप ठणठणीत आहे. सप्लाय नसताना आवाज धरून ठेवणं हेच तिचं मुख्य काम. डेटाशीटमध्ये संदेश १०० वर्षं टिकण्याची आणि साधारण १,००,००० वेळा रेकॉर्ड करता येण्याची ग्वाही दिलेली आहे. 'मेमरी कमजोर झाली' हे दुकानदाराचं उत्तर सहसा पटवून घेऊ नका.

या चाचणीतही संदेश जात असेल तर मात्र मॉड्यूलवरचं रेकॉर्डचं बटण आत चिकटून बसलंय का ते पाहा. स्वस्त मॉड्यूलवर ते होतं.

लाइट जाऊन आली की संदेश जातो

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि ८०५१ वाल्यांची तर हमखास.

एटी८९एस५२ किंवा त्या घराण्यातला कुठलाही कंट्रोलर रिसेटमध्ये असतो तेव्हा त्याच्या सगळ्या पोर्टवर १ असतो. पोर्ट १, २ आणि ३ ला आत पुल-अप (पिन सप्लायकडे ओढून धरणारी सोय) असल्यामुळे पिना प्रत्यक्षात हाय दिसतात. नेहमीच्या सर्किटमध्ये रिसेट पिनेला १० मायक्रोफॅरड आणि १० किलोओहमची जोडी असते, म्हणजे सप्लाय आल्यावर सेकंदाचा साधारण दहावा भाग कंट्रोलर रिसेटमध्ये राहतो. तेवढा वेळ रेक हाय. चिप आपली इमानदारीत रेकॉर्डिंग सुरू करते. मग तुमचा प्रोग्राम जागा होतो, पहिल्याच ओळीत पिन लो करतो, आणि चिप तिथे संदेश संपल्याची खूण टाकून मोकळी होते.

आता आवाज ऐका. संदेशाच्या जागी 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि शांतता. गंमत म्हणजे पुढचा बराचसा संदेश अजूनही मेमरीत पडलेला असतो. फक्त पहिल्याच पावलावर खूण बसल्यामुळे चिप त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून 'पूर्ण पुसला गेला' आणि 'नुसता टक् वाजतो' या दोन तक्रारी एकाच कारणाच्या आहेत.

खात्री करून घ्यायची असेल तर मॉड्यूलवरच्या लाल एलईडीकडे बघत कंट्रोलरचा रिसेट दाबा. हा एलईडी रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत लागून राहतो. रिसेट दाबून धरल्यावर तो लागला की चोर सापडला. मल्टिमीटर असेल तर रेक पिन आणि ग्राउंडमधलं व्होल्टेज रिसेट दाबून धरून मोजा. शून्याच्या आसपास हवं. दोनअडीच व्होल्ट किंवा वर दिसलं तर पुढे वाचा. चिपमध्ये डिबाउन्स (बटणाची थरथर गाळणारी सोय) असल्यामुळे अगदी क्षणभराची टोच ती सोडून देते, म्हणून हा दोष कधी दिसतो, कधी नाही. रोज पाच वेळा लाइट जाणाऱ्या गावात तो पहिल्याच दिवशी दिसतो. शहरातल्या टेबलावर महिनाभर दिसत नाही.

उपाय दोन. पहिला आणि माझ्या मते खरा: रेक पिन प्रोसेसरला जोडूच नका. विचार करा, तुमच्या अलार्मला स्वतःहून रेकॉर्ड करायची गरज कधी पडणार? संदेश एकदा बटणाने भरायचा आणि विषय संपवायचा. रेक पिन १ किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडला बांधून टाका. मग कोणी चुकून बटण दाबलं तरी... नाही, बटण सप्लायकडेच ओढतं, ते दाबलं तर रेकॉर्ड होईलच. बटणच नको असेल तर सोल्डर काढून उचला. पण प्रोसेसरकडून येणारी कटकट तरी कायमची बंद.

दुसरा उपाय, रेकॉर्डिंगही प्रोसेसरकडूनच करायचं असेल तर: मधे एक पीएनपी ट्रान्झिस्टर घाला. बीसी५५७ चालेल. एमिटर ५ व्होल्टला, बेस १० किलोओहममधून पोर्टच्या पिनेला, कलेक्टर चिपच्या रेक पिनेला, आणि रेक पिनेपासून ग्राउंडला आणखी एक १० किलोओहम. आता पोर्ट हाय असताना ट्रान्झिस्टर बंद, म्हणजे रेक लो. पोर्ट लो केला की रेक हाय. प्रोग्राममध्ये उलटं लिहायचं एवढं लक्षात ठेवा. बेस आणि एमिटरच्या मधे १० किलोओहम घातला तर ट्रान्झिस्टर पक्का बंद राहतो. हीच युक्ती प्ले-ई ला पण लावा, कारण रिसेटला हाय होणारी पिन तिथे असेल तर लाइट आली की अलार्म बोंब मारणारच.

'नुसता पुल-डाउन (पिनेपासून ग्राउंडला रेझिस्टर) लावला तर?' हा प्रश्न येतो. ८०५१ च्या आतला पुल-अप अशक्त असला तरी तुमच्या १० किलोओहमशी त्याची रस्सीखेच होते आणि पिन कुठेतरी मधे लटकते. कधी जमेल, कधी नाही. कंट्रोलर बदलला की निकाल बदलेल. ट्रान्झिस्टर काही महाग नाही, तो घाला.

हा ट्रान्झिस्टर ३.३ व्होल्टच्या बोर्डाला मात्र लावू नका, जर मॉड्यूल ५ व्होल्टवर असेल तर. ३.३ व्होल्टचा हाय मिळाला तरी एमिटर ५ व्होल्टला असल्यामुळे ट्रान्झिस्टर बंदच होणार नाही. ईएसपीबरोबर मॉड्यूललाही ३.३ व्होल्टच द्या. ते ३ ते ५ व्होल्टमध्ये चालतं. आवाज थोडा कमी होईल, पण पातळ्यांची भांडणं मिटतील.

सप्लाय दिला की आपोआप बोलतो

अर्डुइनो उनोच्या पिना रिसेटमध्ये इनपुट होऊन तरंगत असतात. चिपच्या आत छोटा पुल-डाउन आहे, त्यामुळे मॉड्यूल जवळ असेल तर बहुतेक वेळा निभावतं. पण काही पिना शहाण्या नाहीत. १३ नंबरच्या पिनेवर बोर्डवरचा एलईडी आहे आणि बूटलोडर (तुमच्या कोडआधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम) प्रत्येक रिसेटला तो लुकलुकवतो. प्ले-ई तिथे जोडली असेल तर दर वेळी सप्लाय दिल्यावर संदेश वाजणार, आणि तुमच्या कोडमध्ये कितीही शोधलं तरी कारण सापडणार नाही, कारण ते तुमच्या कोडमध्ये नाहीच. ० आणि १ नंबरच्या पिना सीरियलच्या आहेत, त्याही टाळा. 'सीरियल मॉनिटर उघडला की बोलतो' ही तक्रारही इथलीच: मॉनिटर उघडला की उनो रिसेट होतो.

ईएसपी८२६६ मध्ये निवड अजून जपून करा. चालू होताना जीपीआयओ १६ हाय असते, ०, २ आणि १५ वर बूट ठरतं, १ वर सीरियलचा मजकूर येतो. जीपीआयओ ४ आणि ५ सुरुवातीला शांत असतात. नोडएमसीयूवर त्यांना डी२ आणि डी१ म्हणतात. प्ले-ई तिथेच द्या.

कुठलीही पिन घेतली तरी चिपच्या अगदी जवळ प्ले-ई पासून ग्राउंडला १० किलोओहम लावा. एव्हीआर (उनोवरचा कंट्रोलर) आणि ईएसपीसाठी तेवढा पुरतो, कारण त्यांच्या शांत पिना रिसेटमध्ये ८०५१ सारख्या वर ओढत नाहीत.

दोनदा बोलतो, किंवा थांबतच नाही

आधी मॉड्यूलवरचे जंपर पाहा. बहुतेक मॉड्यूलवर दोन असतात. एक संदेश पुन्हा पुन्हा वाजवण्यासाठी, दुसरा माइकचा आवाज सरळ स्पीकरला देण्यासाठी. पहिला चुकून लागलेला असेल तर पुढचं सगळं वाचण्याची गरज नाही. दुसरा लागला असेल तर स्पीकर आणि माइक जवळ असल्यामुळे शिट्टी ऐकू येते. लोक त्या शिट्टीला चिपचा दोष समजतात.

जंपर ठीक असतील तर कोड पाहा. टाकीचा फ्लोट स्विच भरल्यावर तासभर तसाच हाय राहतो. लूपमध्ये 'फ्लोट हाय असेल तर प्ले-ई ला पल्स दे' एवढंच लिहिलं असेल तर प्रोसेसर सेकंदाला अनेकदा पल्स देत बसतो. पातळी नव्हे, बदल पकडा: फ्लोट मघाशी लो होता आणि आता हाय झाला, तरच एक पल्स. पुन्हा बोलायचं असेल तर मधे किती वेळ जायला हवा ते टायमरने ठरवा.

तिसरं कारण सूक्ष्म आहे आणि डेटाशीटच्या तळटीपेत दडलेलं आहे. संदेश संपताना प्ले-ई किंवा प्ले-एल हायच राहिलेली असेल तर चिप झोपी जाते खरी, पण त्या पिनेवरचा डिबाउन्सही बंद होतो. त्यानंतर त्या पिनेवर आलेली कुठलीही चढती टोच, बटण सोडतानाची थरथर धरून, नवीन वाजवणं सुरू करते. त्यामुळे ज्यांनी सेन्सरचं आउटपुट थेट प्ले-ई ला दिलंय, मधे प्रोसेसर असूनही पिन संदेश संपेपर्यंत हाय ठेवलीय किंवा रिलेचा संपर्क वापरलाय, त्यांचा अलार्म दोनदा बोलतो. उपाय सोपा: १०० ते २०० मिलिसेकंदांचा पल्स द्या आणि पिन लो करून टाका. संदेश त्याहून लांब असतोच. प्ले-ई वापरत असाल तर पिन हाय धरून ठेवण्याचा काडीचाही फायदा नाही.

संदेश मधेच तोडायचा असेल, उदाहरणार्थ मोटर बंद केल्याबरोबर अलार्म गप्प व्हायला हवा असेल, तरच प्ले-एल वापरा. तिथे पिन हाय धरावी लागते, म्हणून संदेश संपला की ताबडतोब लो करणं आलं. संपला हे कळणार कसं? रेकएलईडी पिनेवरून.

संदेश संपल्याचं प्रोसेसरला कळवणं

बरेच जण संदेशाची लांबी घड्याळ लावून मोजतात आणि कोडमध्ये तेवढा डिले घालतात. संदेश बदलला की डिले बदलायला विसरतात, आणि डिले चालू असताना प्रोसेसर बाकी काही बघत नाही. टाकी वाहत राहते.

रेकएलईडी म्हणजे लाल एलईडी ज्या पिनेला जोडलाय ती. रेकॉर्डिंगच्या वेळी ती लो असते, म्हणून एलईडी लागतो. तीच पिन वाजवताना संदेश संपल्याची खूण आली की क्षणभर लो होते. ही टोच छोटी असते, म्हणून ती लूपमध्ये अधूनमधून बघून सापडत नाही. उनोवर ती २ किंवा ३ नंबरच्या पिनेला द्या, पुल-अप चालू करा आणि उतरत्या कडेवर इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम सोडून लगेच दखल घ्यायला लावणारी सोय) लावा. ८०५१ वर इंटरप्टची आयएनटी० पिन आहेच, तिथेही उतरत्या कडेचा पर्याय निवडा. इंटरप्टच्या आत फक्त एक झेंडा उभारा: 'संपला'. प्ले-एल लो करणं, पुढचं ठरवणं हे लूपमध्ये.

काही मॉड्यूलवर ही पिन बाहेर काढलेली नसते. लाल एलईडीच्या चिपकडच्या टोकाला वायर सोल्डर करून घ्यायची. एलईडीचं दुसरं टोक रेझिस्टरमार्गे सप्लायला असतं, तेव्हा कुठलं टोक कुठलं ते मल्टिमीटरने बघूनच सोल्डरिंग आयर्न लावा.

पूर्ण मेमरी भरेपर्यंत रेकॉर्ड केलं असेल तर खुणेऐवजी मेमरीचं टोकच येतं. अशा वेळी एकट्या या टोचेवर विसंबू नका. रेकॉर्डिंग एखादा सेकंद आधी थांबवा म्हणजे खूण नक्की पडेल. आणि तरीही एक सुरक्षेचा टायमर ठेवा: २५ सेकंदांत 'संपला' आलं नाही तर संपला असं धरा.

बोलायला लागला की प्रोसेसर रिसेट होतो

इथे दोषी सप्लाय. चिप ८ ओहमचा स्पीकर थेट हलवते आणि शब्दाशब्दाला करंट वरखाली होतो. ब्रेडबोर्डच्या बारीक वायरीतून सगळं चाललं असेल तर व्होल्टेज पडतं, कंट्रोलर दचकतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आणि सुरू झाला की वर सांगितलेल्या रिसेटच्या कारणाने संदेश पुन्हा वाजतो किंवा जातो. म्हणजे एक दोष दुसऱ्याला जन्म देतो आणि आपण भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

मॉड्यूलच्या सप्लाय पिनांवर ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि त्याच्या शेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. सप्लायच्या वायरी कंट्रोलरवरून साखळीने नेऊ नका. रेग्युलेटरपासून दोघांना वेगळ्या न्या, ग्राउंडही तिथेच एकत्र करा. अर्डुइनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवरून मॉड्यूल चालवू नका, ती पिन फार करंट देत नाही.

एटी८९एस५२ मध्ये व्होल्टेज खाली गेल्याचं ओळखून रिसेट करणारी सोय नाही. सप्लाय हळूहळू मरतो तेव्हा तो बरळू शकतो, पिना वाटेल तशा हलवू शकतो. गावाकडे जिथे लाइट जाताना आधी बल्ब मंद होतो तिथे हा प्रकार फार. व्होल्टेजवर नजर ठेवणारा तीन पायांचा रिसेट आयसी मिळतो, तो लावा. उनोच्या एटीमेगा३२८ मध्ये ही सोय आहे आणि ती २.७ व्होल्टवर लावलेली येते.

स्पीकरच्या दोन वायरींपैकी एकही ग्राउंडला लावायची नाही, हेही इथेच सांगतो. चिपचं आउटपुट दोन्ही बाजूंनी ढकलणारं आहे. आवाज मोठा करायला बाहेरचा ॲम्प्लिफायर लावताना लोक एक वायर सिग्नलला आणि दुसरी ग्राउंडला जोडतात. चिपचं अर्ध आउटपुट शॉर्ट होतं, सप्लाय बसतो, चिप तापते. फक्त एकच वायर घ्या, मधे १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर घाला, दुसरी मोकळी सोडा. ग्राउंड सप्लायमधून आधीच जोडलेला आहे.

मोटर चालू-बंद होताना बोलतो

टाकीच्या अलार्मचं खास दुखणं. मोटरचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले) पडतो तेव्हा त्याच्या कॉइलमधून मोठा झटका येतो, आणि गच्चीवरून खाली आलेली फ्लोटची लांब वायर तो झेलते. फ्लोट स्विच पीसी८१७ सारख्या ऑप्टोकप्लरमधून (प्रकाशाने सिग्नल देऊन दोन सर्किटं वेगळी ठेवणारा भाग) घ्या. डीसी रिलेच्या कॉइलवर १एन४००७ उलटा डायोड हवाच. एसी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर डायोड चालत नाही. तिथे १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची मेन्सला चालणारी जोडी, म्हणजे स्नबर, तयार मिळतो. २३० व्होल्टचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

प्ले-ई ची वायर लांब असेल तर चिपच्या तोंडाशी १ किलोओहम मालिकेत आणि ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला. २०० मिलिसेकंदांचा तुमचा पल्स यातून आरामात जातो, मायक्रोसेकंदांचे झटके अडकतात.

शब्द कळत नाहीत

हा वायरिंगचा दोष नसून एका रेझिस्टरचा आहे. चिप किती सेकंद रेकॉर्ड करेल ते एक रेझिस्टर ठरवतो: ८० किलोओहमला ८ सेकंद, १०० ला १०, २०० ला २० सेकंद. फुकटात दुप्पट वेळ मिळत नाही. ८ सेकंदांना सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, २० सेकंदांना ३,२००. नमुन्यांच्या निम्म्याहून वरच्या कंपनसंख्या टिकत नाहीत, म्हणजे २० सेकंदांच्या रेकॉर्डिंगमध्ये १,६०० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. 'स', 'श', 'च' यांची धार त्याच्याही वर असते. "सावकाश चाला" मधले 'स' आणि 'श' बोथट होऊन सगळं ब्लँकेटमधून बोलल्यासारखं येतं. संदेश आखूड करा, वेग वाढवा. "टाकी भरली, मोटर बंद करा" ला चार सेकंदही लागत नाहीत. त्यासाठी २० सेकंदांची चैन कशाला?

रेकॉर्ड केल्यानंतर हा रेझिस्टर बदलला तर वाजवण्याचा वेगही बदलतो आणि आवाज चिरका किंवा घोगरा होतो. म्हणून आधी रेझिस्टर ठरवा, मग रेकॉर्ड करा.

एकापेक्षा जास्त संदेश हवेत

आयएसडी१८२० वर प्ले-एल लवकर सोडून पहिला तुकडा वाजवता येतो, दुसरा तुकडा एकटा वाजवता येत नाही, कारण सुरुवात पहिल्या घरापासूनच. त्यावर काही जण तीनचार मॉड्यूल लावतात. चालतं, पण मग आयएसडी१७६० घेणं शहाणपणाचं. ८ किलोहर्ट्झला ६० सेकंद, आणि प्रोसेसर एसपीआयवरून (चार वायरींनी बिट बिट करून माहिती पाठवण्याची पद्धत) पाहिजे तो संदेश पत्त्याने वाजवू शकतो.

तिथली हमखास तक्रार: 'कमांड पाठवतो, काहीच होत नाही.' ही चिप सगळ्यात खालचा बिट आधी घेते आणि एसपीआयच्या मोड ३ मध्ये चालते. अर्डुइनोची सवय वरचा बिट आधी पाठवण्याची. बिट उलटे गेले की जागं करण्याची हेक्स ०१ ही कमांड ८० होऊन पोहोचते, आणि ८० म्हणजे दिलेल्या पत्त्यांमधलं वाजव. झोपलेली चिप त्याकडे लक्षच देत नाही. थांबवण्याची कमांड ०२ उलटून ४० होते, आणि ४० म्हणजे वाजव. असा सगळा उलटा कारभार. बिटांचा क्रम आणि मोड आधी नीट लावा, एसपीआयचा वेग कमी ठेवा.

मग ०१ पाठवल्यावर ५० मिलिसेकंद थांबा. त्यानंतर प्रत्येक कमांडआधी ०५ ने स्थिती वाचा, तीन बाइटची देवाणघेवाण करून तिसऱ्या बाइटचा सर्वांत खालचा बिट १ झाला का बघा. तो १ नसताना दिलेली कमांड वाया जाते आणि पहिल्या बाइटचा खालचा बिट चूक म्हणून उभा राहतो. स्थिती सतत सगळे शून्य किंवा सगळे एक अशी येत असेल तर चिपकडून येणाऱ्या वायरीवर पुल-अप आहे का ते पाहा.

संदेशांची जागा हेक्स ०१० पासून सुरू होते आणि आयएसडी१७६० मध्ये १ईएफ ला संपते. त्याआधीची घरं छोट्या बीपच्या आवाजांसाठी राखलेली आहेत. पत्ते शून्यापासून देऊन 'पहिला संदेश वाजत नाही' म्हणणारे बरेच भेटतात. वाजवायची कमांड सात बाइटची: कमांड, एक शून्य, सुरुवातीचा पत्ता दोन बाइटमध्ये खालचा आधी, शेवटचा पत्ता तसाच, आणि शेवटी पुन्हा शून्य.

०१ दिल्यावर बोर्डवरची बटणं मुकी होतात, तो दोष नव्हे. ०७ देऊन चिप झोपवली की बटणं परत चालतात. आणि पत्त्यांवर मनाला येईल तसं रेकॉर्ड केल्यावर बटणांनी काहीच वाजेना व एलईडी सात वेळा लुकलुकतो असं दिसलं, तर बटणांना हवी ती सलग रचना मेमरीत उरलेली नाही. हेक्स ४३ ने सगळं पुसा आणि नव्याने भरा. यापुढे एकतर बटणांनीच रेकॉर्ड करा आणि प्रोसेसरने फक्त वाजवा, किंवा सगळंच प्रोसेसरकडे द्या.